जिब्रानचा डावा हात

अठरा वर्षांच्या एका पोराने स्टेजवर डावा हात पुढे केला, आणि त्यावरून दर्यापुरात दोन आठवडे जे काही चाललं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. मला राग लवकर येतो, हे मान्य. मी कॉलेजच्या मैदानावर ओरडलो की रस्त्यापलीकडचा रसवंतीवाला चरक थांबवून बघतो, असं पोरं म्हणतात. म्हणोत. या वेळी रागावण्यासारखंच होतं.

मी शेषराव गावंडे. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि एकवीस वर्षांपासून रोव्हर पथक चालवतो. रोव्हर म्हणजे मोठे स्काउट. लहान स्काउटांना तंबू, गाणी आणि गूळशेंगदाणे दिले की ते खूश असतात. माझी पोरं अकरावी-बारावीची. ओठांवर मिसरूड, खिशात फोन, डोक्यात पोलीस भरती. रविवारी सकाळी सातला त्यांना अंथरुणातून उठवण्यात आईबापांनी हात टेकलेले असतात. माझ्याकडे बारा जण येतात. उशीर झाला की मी ओरडतो आणि ते मैदानाला दोन चकरा मारतात.

लोकांना वाटतं, हे दोऱ्यांना गाठी मारतात आणि शिट्ट्या फुंकतात. गेल्या वर्षी याच पोरांनी तहसील कचेरीच्या सात पायऱ्यांवर लोखंडी उतार बसवला. निराधार योजनेच्या म्हाताऱ्या त्या पायऱ्या बसत-बसत, हाताने रेटत चढायच्या. सगळं गाव ते बघत होतं आणि आपापली कामं करून घरी जात होतं. पोरांनी माप घेतलं, अर्ज दिला, परवानगीसाठी चार महिने खेटे घातले आणि जिब्रानच्या वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी पत्रा कापला. कठड्याला भंगारातला पाइप वापरला. पार्बताबाई नावाची म्हातारी पहिल्यांदा कठडा धरून वर गेली आणि वरून पोरांना म्हणाली, "इतके दिवस कुठी मेले होते बे?" पोरांना राज्यपालाने पाठ थोपटली असती तरी इतका आनंद झाला नसता.

त्या उताराचं डोकं जिब्रानचं. बशीरभाई वेल्डरचा मोठा मुलगा, बारावीला, उंच, सडपातळ, बोलायला कंजूष. त्याची राज्य पुरस्काराची सगळी तयारी झाली होती. वह्या पूर्ण, पदभ्रमण पूर्ण, सेवेचं काम तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं. राज्य पुरस्कार मिळाला की पुढे राष्ट्रपती पुरस्कार, आणि तो असला की रेल्वेच्या स्काउट कोट्यात अर्ज करता येतो. वेल्डरच्या पोराला रेल्वेत चिकटायचे मार्ग काही पन्नास नसतात. बशीरभाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, "यंदा कागद आला तं पुढं शिक. नाही तं बारावी झाल्यावर दुकानात बैस, मले एकट्याले होत नाही आता." अर्जावर फक्त प्राचार्यांची सही आणि शिक्का राहिला होता. अर्ज अमरावतीला स्काउटच्या जिल्हा कार्यालयात एकतीस जानेवारीला, शुक्रवारी, पाचच्या आत पोचायला हवा होता.

आता हाताचं सांगतो. स्काउट एकमेकांना भेटले की डाव्या हाताने हात मिळवतात. जगात सगळीकडे. डाव्या हातात ढाल असते, ती खाली ठेवल्याशिवाय तो हात दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून डावा हात म्हणजे विश्वास, अशी गोष्ट त्यामागे सांगतात. मी दरवर्षी नव्या पोरांना ही गोष्ट सांगतो आणि दरवर्षी ती पोरं गोंधळतात. आपल्याकडे डाव्या हाताने प्रसाद घेतला तर म्हातारी माणसं मनगटावर चापट मारतात. डावा हात कशासाठी असतो, ते काय मी लिहून दाखवायला पाहिजे का?

सगळ्यात जास्त जिब्रान अडला होता. अकरावीत नवा आला तेव्हा त्याने हात मागे बांधून मला सांगितलं, "सर, उलट्या हातानं आमच्यात पानीबी देत नाही कोणाले. अब्बा मारतीन."

"इथं अब्बा नाही," मी म्हणालो. "इथं मी हाओ. ज्याच्या गळ्यात आपला स्कार्फ, त्याले डावाच हात. मंग तो कलेक्टर असो का चपराशी. समजलं?"

तरी त्याचा उजवाच हात पुढे यायचा. मी त्याला पथकातल्याच नितेशसमोर उभं केलं आणि त्या दिवशी इतक्या वेळा डावा हात मिळवायला लावला, की नितेश म्हणाला, "सर, आता याच्यासंग लग्न लावून द्या माहं." पोरं हसली. जिब्रानही हसला आणि त्यानंतर तो कधी चुकला नाही. सांगितलेली गोष्ट एकदा पटली की हा पोरगा ती धरून बसतो.

अठरा जानेवारीला, शनिवारी, नव्या पोरांचा दीक्षा समारंभ होता. कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष खुशालराव पाहुणे म्हणून आले. अकोल्याला त्यांचं कापसाचं जिनिंग आहे, वय सत्तरीच्या पुढे, पांढरं धोतर, आवाज घोगरा. सगळे त्यांना भाऊ म्हणतात आणि सगळे त्यांना टरकून असतात. आमच्यात पाहुण्याला शाल-नारळ देत नाहीत, पथकाचा स्कार्फ गळ्यात घालतात. पथकातला सर्वांत जुना गडी म्हणून तो मान जिब्रानचा. तो पुढे गेला, त्याने स्कार्फ घातला, दोन्ही टोकं नीट सारखी केली, एक पाऊल मागे येऊन कडक सॅल्यूट ठोकला आणि डावा हात पुढे केला.

भाऊंचा उजवा हात अर्ध्यावर आला होता. त्यांनी पोराच्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. पोराने हात मागे घेतला नाही. समोर दोनशे माणसं बसली होती आणि मागून कोणीतरी खिदळलं. भाऊंनी आपला हात धोतराला पुसल्यासारखा खाली घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो मास्तर, हे शिकवता का पोट्ट्याईले?"

मी पटकन पुढे झालो. "गांगरलं पोट्टं, भाऊ. माफ करा," म्हणालो आणि माझा उजवा हात दिला. त्यांनी तो घेतला. टाळ्या वाजल्या, नव्या पोरांनी प्रतिज्ञा म्हटली, चहा-चिवडा झाला. प्रसंग निभावून नेला, असं मला वाटलं. एकवीस वर्षांत असे बरेच प्रसंग मी निभावलेत.

संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढाच तुकडा फिरायला लागला. अकरा सेकंदांचा. खाली लिहिलेलं, 'अध्यक्षांना डावा हात! हेच का संस्कार?' त्याच्या खाली दुसऱ्याने पोराचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि पुढे फक्त एक हसणारं तोंड टाकलं. नाव लिहिण्यामागचा हेतू कळायला काही डोकं लागत नव्हतं. नितेशने तोच हात दिला असता तर 'पोरगं गडबडलं' म्हणून लोक हसले असते. जिब्रानने दिला म्हणून त्यात बेअदबी दिसली. तहसीलच्या उतारावरून ज्यांच्या आया वर चढतात, त्याच लोकांनी तो तुकडा पुढे ढकलला होता. मी ग्रुपवर चार ओळींच्या शिव्या लिहिल्या, बायको पौर्णिमाने फोन हिसकून घेतला, म्हणून त्या गेल्या नाहीत. मग मी ग्रुप सोडला. सोडताना दोन माणसांना फोन करून ओरडलो ते वेगळं.

सोमवारी प्राचार्य काळमेघ मॅडमनी बोलावलं. जिब्रान आधीच टेबलासमोर उभा होता. मॅडम वाईट बाई नाही, पण संस्थेतून फोन आला की त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही.

"जिब्रान," त्या म्हणाल्या, "सरांनी भाऊंना सांगितलं की तू गांगरला होतास. बरोबर?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "गांगरलो नोतो."

"म्हणजे? हात मुद्दाम दिलास?"

"हो. मुद्दाम देल्ला."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलं सर? तुम्ही पोराला सांभाळून घ्यायला गेलात आणि पोरगा तोंडावर सांगतो, मुद्दाम दिला. आता मी भाऊंना काय सांगू?"

मी बोललो. खूप बोललो. तो तुकडा कोणी काढला, कोणी पसरवला, नाव कोणी लिहिलं, त्यांना कॉलेज काय करणार, असं सगळं मी मॅडमच्या टेबलावर हात आपटून विचारलं. काचेखालचं वेळापत्रक हललं. मॅडम शांत राहिल्या आणि म्हणाल्या की पोराने गैरवर्तनाबद्दल लेखी माफी द्यावी, ती त्या भाऊंकडे पाठवतील, मग अर्जावर सही करतील. अर्ज त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

बाहेर व्हरांड्यात जिब्रान म्हणाला, "लिवून देऊ का सर?"

"एक अक्षर लिहायचं नाही," मी गरजलो. "गैरवर्तन? कायचं गैरवर्तन? तू काही चोरी केली का?"

"मंग सही?"

"सही कशी करत नाही ते पाहतो मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण मी स्टाफरूमकडे निघालो होतो, कारण तिथे मला अजून चार जणांना झापायचं होतं.

त्या आठवड्यात मी ज्याला-त्याला झापलं. स्टाफरूममध्ये, कॅन्टीनमध्ये, पेट्रोल पंपावर. एसटी स्टँडवर एक जुना विद्यार्थी भेटला, तो बिचारा नमस्कार करायला आला होता, त्याला मी पंधरा मिनिटं सोडलं नाही. घरी जेवताना ताट पुढे सरकवून बोलायचो. पौर्णिमा एकदा म्हणाली, "मले काहून सांगून राहिले? म्या थोडी अडवली सही." मी म्हणालो, तुला नाही कळणार. ती उठून भांडी घासायला गेली.

मग सव्वीस जानेवारी आली. गेल्या वर्षी झेंड्याच्या तुकडीपुढे जिब्रान होता. मॅडमनी आदल्या दिवशी निरोप पाठवला की ध्वजारोहण भाऊंच्या हस्ते आहे, तर या वर्षी दुसरा मुलगा ठेवा. पुढे नितेश चालला आणि जिब्रान मागच्या रांगेत, इस्त्रीच्या गणवेशात, सरळ समोर बघत उभा राहिला. मला इतका संताप आला की कानशिलं तापली. कार्यक्रम संपल्यावर भाऊ जिलेबी खात माझ्याजवळून चार हातांवरून गेले. "काय मास्तर," ते म्हणाले. मी ऐकलंच नाही असं दाखवून पाठ फिरवली. अशा माणसाशी कोण बोलतो! मला त्या वेळी माझाच अभिमान वाटला. आपण झुकलो नाही, असं मी घरी येऊन पौर्णिमाला सांगितलं.

अर्ज ड्रॉवरमध्येच होता. मी मॅडमना रोज विचारायचो, त्या रोज माफीपत्र मागायच्या, मी रोज ओरडून बाहेर पडायचो.

गुरुवारी, तीस तारखेला, सूर्य मावळायच्या आधी बशीरभाई घरी आले. हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग, खांद्यावर टॉवेल. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि खिशातून चौघडी कागद काढला.

"म्या लिवून आनलं, सर. माफीनामा. पोट्टं सही करून नाही राहिलं त्याच्यावर. म्हणते, सरांनी नाही म्हणून सांगतलं. तुमी म्हणान तं करन तो."

कागद मराठीत होता, कोणाकडून तरी लिहून घेतलेला. 'माझ्या हातून मोठा गुन्हा घडला' असं त्यात होतं. तो शब्द वाचला आणि मी पुन्हा पेटलो. गावावर, ग्रुपवर, मॅडमवर, भाऊंच्या पैशावर, संस्थेवर, नाव लिहिणाऱ्यावर, हसणाऱ्यावर, एकेकाला घेत गेलो. बशीरभाई मांडीवर हात ठेवून ऐकत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "थे बराबर हाये, सर. म्याबी त्या दिवशी मारलं त्याले. बुजुर्गाले उल्टा हात देतं का म्हणून. मंग त्यानं सांगतलं, सरांनी शिकवलं, ज्याच्या गयात आपला रुमाल त्याले डावाच हात. मंग म्या चूप झालो. म्हटलं, सरांनी सांगतलं असंन भाऊले."

"लोकांची लायकीच नाही बशीरभाई—"

"हो ना. पन भाऊले सांगतलं ना तुमी? का बा हे म्या शिकवलं म्हणून?"

बारा दिवसांत मी अर्ध्या दर्यापूरला ही गोष्ट सांगितली होती. ज्याला सांगायची त्याला सांगितली नव्हती. उलट त्याला मी सांगितलं होतं की पोरगं गांगरलं. पोरगं गांगरलं नव्हतं. गांगरलो होतो मी, एका म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या म्हणून.

"उद्या जातो अकोल्याले," मी म्हणालो.

"मेहरबानी होइन," बशीरभाई म्हणाले आणि तो कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. ते गेल्यावर मी पौर्णिमालाही काही बोललो नाही. तिने दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

शुक्रवारी सकाळी गाडी काढून अकोला गाठलं. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि भाऊ वजनकाट्याजवळ एका गाडीवाल्याशी ओल्या कापसावरून भांडत होते. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त बाकाकडे बोट दाखवलं. मी एक वाजेपर्यंत तिथे बसलो. अंगावर कापसाची तुसं उडत होती आणि मी मनात भाषण तयार करत होतो. त्यात रागाचं काही सापडतं का ते बघत होतो, कारण राग असला की मला बोलायला सोपं जातं.

शेवटी ते ऑफिसमध्ये आले, पंखा लावला आणि म्हणाले, "बोला. सव्वीस तारखेले तं पाठ दाखवली मले."

मी सांगितलं. स्काउटांत डावा हात देतात, तो विश्वासाचा असतो, तुमच्या गळ्यात आमचा स्कार्फ होता म्हणून तुम्ही आमच्यातले झालात, म्हणून पोराने तो हात दिला. मी शिकवलं होतं. तो नको म्हणत असताना शिकवलं होतं. तो गांगरला नव्हता, मी खोटं बोललो.

खुशालरावांनी कपाळावर हात मारला.

"आरे मास्तर, मंग थ्या दिवशी तोंडात मूग धरले होते का? आमच्यात डाव्या हातानं कोणी भिकाऱ्यालेबी देत नाही. मले राग आला, येइनच. पन तुमी म्हणले पोट्टं गांगरलं, मी म्हटलं जाऊ द्या, लेकरू हाये. घरी जाऊन जेवलो, झोपलो. सोमवारी बाईचा फोन. पोट्टं म्हणते गांगरलो नाही, मुद्दाम देल्ला! आता मले सांगा, मास्तर म्हणते गांगरलं अन् पोट्टं म्हणते मुद्दाम, तं मी काय समजू? मले वाटलं पोट्ट्यानं माही इज्जत काढली अन् मास्तर त्याले झाकून राहिला."

"मी त्याले नाही झाकलं, भाऊ," मी म्हणालो. "मी मले झाकलं."

"थे दिसूनच राहिलं." ते कडवट हसले. "पोट्टं खरं बोललं अन् त्याच्यापाईच फसलं. चांगलं शिकवता." मग त्यांनी फोन उचलला आणि मॅडमना लावला. "बाई, थ्या पोट्ट्याच्या कागदावर सही करा. माफी-गिफी काही नोको. हो. आत्ता." फोन ठेवला. सगळं मिळून दोन मिनिटं. "हे थ्या शनिवारीच झालं असतं, मास्तर. स्टेजवर सांगतलं असतं तं म्या थोच हात धरला असता अन् फोटो काढला असता."

हे ऐकून मला त्यांचा राग यायला हवा होता. बोलायला काय जातं, असं म्हणता आलं असतं. पण मी प्रयत्नच केला नव्हता, तर कोणत्या तोंडाने म्हणणार.

दोनला अकोला सोडलं. दर्यापूरला पोचलो तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. मॅडमनी सही केली, पण शिक्क्याच्या कपाटाची किल्ली घेऊन क्लार्क बँकेत गेला होता. तो आला तोवर चार वाजून दहा मिनिटं झाली. मी अर्ज बनियनमध्ये घातला आणि अमरावतीच्या रस्त्याला लागलो. वलगावजवळ संत्र्यांचा ट्रक आडवा झाला होता. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी मी जिल्हा कार्यालयाच्या पायऱ्या चढलो.

आत एक बाई कपाट लावत होती. तिने अर्ज हातात घेतला, बघितला आणि परत दिला. "सर, गठ्ठा पाचला बांधून गेला पण. महिनाभरापासून तारीख लावलेली होती. तुमच्या तालुक्याचे बाकी सगळे मंगळवारीच आले."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिने मला पाणी दिलं. मी ओरडायला जागा शोधत होतो आणि त्या खोलीत एकही माणूस सापडत नव्हता ज्याच्यावर ओरडावं. पाणी पिऊन मी बाहेर आलो, गाडीवर बसलो आणि स्वतःला इतक्या घाण शिव्या दिल्या की शेजारचा भेळवाला गाडा घेऊन पलीकडे सरकला.

जिब्रानला दुकानात जाऊन सांगितलं. तो लोखंडी बंडीच्या चाकाला पट्टी लावत होता. डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला.

"उशीर झाला," मी म्हणालो. "मी उशीर केला."

"बरं सर," तो म्हणाला. मागे बशीरभाई उभे होते. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान तोंड फिरवतील. उलट त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसलं. मी बसलो नाही.

रविवारी सकाळी सातला बाराच्या बारा पोरं मैदानावर हजर होती. जिब्रानही, स्कार्फ घालून. एकालाही उशीर झाला नव्हता. मी त्यांना गोलात बसवलं आणि पुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आज जे सांगणार आहे ते मधे न बोलता ऐका. मग सगळं सांगितलं. स्टेजवर मी घाबरलो. जे तुमच्याकडून घोटून घेतलं, ते मी स्वतः चारचौघांत केलं नाही, उजवा हात दिला. पोरगं गांगरलं म्हणून खोटं बोललो. मॅडमसमोर जिब्रान खरं बोलला तेव्हा त्याच्या शेजारी उभा राहून बाकी सगळं बोललो, हे मी शिकवलं एवढंच सांगितलं नाही. मग बारा दिवस गावाच्या नावाने बोंबललो, कारण तसं केलं की मला स्वतःकडे बघावं लागत नव्हतं. आणि त्यात या पोराचा अर्ज गेला. या पोराचं वर्ष मी घालवलं, भाऊंनी नाही, मॅडमनी नाही, आणि त्या ग्रुपवरच्या नालायकांनीसुद्धा नाही.

नितेश गवताच्या काड्या तोडत होता. त्याने मान वर केली.

"आमाले माइत होतं, सर."

"काय माइत होतं?"

"हेच. तुमी उजवा हात देल्ला थे, अन् गांगरलं म्हणले थे. आमी स्टेजवरच होतो ना. सगळ्याईनं आयकलं."

मी बारा तोंडांकडे बघितलं. एकही तोंड चकित दिसत नव्हतं.

"मंग बोलले काहून नाही?" माझा आवाज पुन्हा चढला. "बारा दिवस! एकानं तरी येऊन सांगाचं ना मले! तारीख माइत होती तुमाले! जिब्रान, तू काहून नाही बोलला बे? तुहा फारम होता तो!"

जिब्रानने माझ्याकडे बघितलं. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्याने फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं.

"व्हरांड्यात आल्तो ना सर, सांगाले. रोजच येत होतो. पन तुमी लय रागात होते."